कोट नाही? मग जेवण खोलीत!

समुद्रसफरीच्या चकचकीत पुस्तिकेत सगळं काही छान असतं. निळंशार पाणी, डेकवरचा तरणतलाव, दिव्यांनी झगमगणारा जिना, टेबलावर घडी घातलेले पांढरेशुभ्र रुमाल. शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरांत एक ओळ असते. अमुक रात्री 'फॉर्मल' पोशाख अपेक्षित आहे. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांनी पायघोळ गाऊन. ही ओळ वाचली की घरात पहिला प्रश्न येतो तो पैशांचा, आणि दुसरा, जो कुणी मोठ्याने विचारत नाही, तो असा : आपण तिथे शोभू का?

समजा, भिलाईजवळच्या बोरसीतलं एखादं मराठी कुटुंब आहे. वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात, त्याने आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बोटीचं तिकीट काढून दिलंय. दुर्गला गाडीत बसायचं, नागपूरमार्गे मुंबई गाठायची, तिथून विमान आणि मग बोट. आई कपाटातली पैठणी काढते, वडील तीस वर्षांपूर्वी शिवलेल्या सफारीकडे बघतात. ज्या माणसाने हेल्मेट आणि सेफ्टी शूज घातल्याशिवाय कारखान्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही, त्याला पोशाखाच्या नियमांचं वावडं असण्याचं कारण नाही. फक्त तिथे नियम कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होतं. वरून काही पडलं तर डोकं फुटू नये म्हणून हेल्मेट. पण गळ्याला बो बांधला नाही तर सूप सांडतं का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं!

काळा सूट आणि पांढरा सूट

ही धास्ती आजची नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' नावाची आगबोट इंग्लंडला निघाली. तिच्यावर अठरा-एकोणीस वर्षांचा एक लाजाळू काठेवाडी मुलगा होता, बॅरिस्टर व्हायला निघालेला मोहनदास गांधी. काटा-सुरी कशी धरायची ते ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायचं धाडस नाही. म्हणून हा मुलगा डायनिंग हॉलकडे फिरकलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळं यांच्यावरच त्याने बहुतेक दिवस आपल्या केबिनमध्ये काढले. बोटीवर तो काळा सूट वापरत होता. पांढरा फ्लॅनेलचा सूट त्याने मुद्दाम राखून ठेवला होता, बंदरावर उतरताना उठून दिसावं म्हणून. उतरला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि सगळ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! त्यातून सामान एजंटाच्या ताब्यात गेलेलं, दुसऱ्या दिवशी रविवार. दुसरे कपडे मिळेपर्यंत तो शरमेने अर्धा झाला. हे सगळं त्याने पुढे स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

हाच माणूस २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी पुन्हा मुंबईहूनच बोटीत बसला. या वेळी बोट 'राजपुताना', तिकीट सर्वांत खालच्या वर्गाचं, आणि अंगावर पंचा नि शाल. त्याच वेषात तो नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम राजवाड्यात बादशहा पंचम जॉर्जच्या चहापानालाही गेला. दरवाजावर कुणी अडवलं नाही. मधल्या त्रेचाळीस वर्षांत कपडे कमी झाले होते आणि माणूस मोठा झाला होता.

पण सगळ्यांनाच महात्मा होता येत नाही. त्यामुळे जास्त जवळचं उदाहरण आहे ते आनंदीबाई जोशी यांचं. १८८३ साली कलकत्त्याहून एकट्या बोटीने निघालेली ही अठरा वर्षांची मुलगी अमेरिकेत पोचली ती साडीतच, आणि राहिलीही साडीतच. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेलं तिचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानी आणि सिरियन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पुढच्या वर्षी आनंदीबाईंना एम.डी.ची पदवी मिळाली. साडी 'फॉर्मल' आहे की नाही, हा प्रश्न खरं तर तिथेच निकालात निघायला हवा होता.

वरचा डेक, खालचा डेक

बोटीवरचा वर्गभेद हा काही केवळ कपड्यांचा मामला नव्हता. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी वरच्या वर्गांपासून कुंपणं नि फाटकं घालून वेगळे ठेवलेले होते. त्यामागे अमेरिकेचा स्थलांतरितांविषयीचा कायदा होता, साथीचे रोग पसरू नयेत अशी सबब होती. परिणाम काय झाला? पहिल्या वर्गातले दहातले सहा वाचले, तिसऱ्या वर्गातला चारातला एक.

कोकणातल्या माणसाला तर बोट नवी नाहीच. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींनी चाकरमान्यांच्या कितीतरी पिढ्या गावी पोचवल्या. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असं करत बोट गोव्याला जायची. काही बंदरांत ती खोल पाण्यातच थांबे आणि लुगड्यातल्या आजीबाईंना हात धरून पडावात उतरवावं लागे. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अजून तोंडात असतील. वरचा डेक आणि खालचा डेक असा तिकिटाचा फरक त्या बोटींवरही होता. पण वळकटी पसरून बसलेल्या माणसाला, 'गळ्यात टाय नाही, भाकरी सोडू नकोस' असं कुणी म्हणालं नाही.

या बोटी बंद झाल्या. मधल्या काळात बोट म्हणजे गरिबाचं वाहन ही ओळख पुसली गेली आणि बोट म्हणजे श्रीमंतांची चैन अशी नवी ओळख तयार झाली. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही प्रवासी बोट सुरू झाली, ती फार काळ टिकली नाही. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. या बोटीवर जैन जेवणाचीही सोय करण्यात आली. आपल्याकडच्या सफरींचा तोंडवळा त्यावरूनच समजतो : मुलंबाळं, आजीआजोबा, मोठमोठे गट. विलायती बोटीवरचा ताठा इथे चालवायचा म्हटला तरी चालायचा नाही.

ताठा उरलाय कुठे?

इंग्लंडच्या क्युनार्ड कंपनीने मात्र जुनी परंपरा जपली आहे. 'क्वीन मेरी २' सारख्या तिच्या बोटीवर 'गाला' रात्री असतात. त्या रात्री नटूनथटून यायचं नसेल त्याने बुफे किंवा पबसारख्या ठराविक जागी जेवावं, अशी सोय आहे. ही सोय की शिक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं. उलट नॉर्वेजियन कंपनीने २००० साली जेवणाच्या ठरलेल्या वेळा, ठरलेली टेबलं आणि सक्तीचा औपचारिक पोशाख असं सगळं जोखडच उतरवलं, आणि बाकीच्या कंपन्यांनाही हळूहळू सैल व्हावं लागलं.

म्हणजे उच्चनीचता संपली, असं समजायचं का? छे! ती कपड्यांवरून दरवाजांवर गेली. ज्या कंपनीने टाय सोडायला लावला तिच्याच मोठ्या बोटींवर 'द हेवन' नावाचा वेगळा विभाग आहे. त्याचा तरणतलाव वेगळा, उपाहारगृह वेगळं, आणि आत जायला खास कार्ड. 'एमएससी'च्या बोटींवर 'यॉट क्लब' आहे. क्युनार्डवर तर कोणत्या डायनिंग हॉलमध्ये बसायचं हे तुमच्या केबिनच्या दरावरून ठरतं. टाय विकत घेता येतो. हा दरवाजा उघडायला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. निदान कपड्याच्या नियमात एक गंमत होती, की भाड्याच्या कोटात कारकूनही साहेबाच्या शेजारी बसू शकत होता.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोशाख अपमान करतो तसा तो अपमान पुसतोही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की ज्या पेहरावावरून तुमची जात ओळखू येते तो टाकून द्या, लुगडं पायघोळ नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने उतरवा. त्या बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. बाबासाहेब स्वतः कायम सुटाबुटात वावरले. त्यांच्या सुटाकडे बघून साहेबी थाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे कधी उमगलं नाही, की ज्याच्या आजोबा-पणजोबांनी काय नेसावं हे गावाने ठरवलं होतं, त्याच्या अंगावरच्या कोटाचा अर्थ वेगळा असतो.

साहेब गेला, दरवान राहिला

आपल्या देशातल्या क्लबांनी मात्र या सुटाचा साहेबी अर्थच तेवढा उचलला. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डिसेंबर १९३३मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, पण भारतीयांना त्या क्लबाचं सभासदत्व नव्हतं. भारतीयांना प्रवेश देणारा म्हणून १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला. त्याच विलिंग्डन क्लबाने १९८८ साली चित्रकार एम. एफ. हुसेन यांना प्रवेश नाकारला, कारण ते अनवाणी होते!

जुलै २०१४मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथमन एका पुस्तक प्रकाशनाला तामिळनाडू क्रिकेट संघटनेच्या क्लबात गेले. नेसली होती वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर. त्यांना दारातून परत पाठवण्यात आलं. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी तामिळनाडूने कायदाच केला : वेष्टी किंवा दुसरा कोणताही पारंपरिक भारतीय पोशाख घातला म्हणून सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारला, तर क्लबाचा परवाना रद्द, शिवाय एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड.

जून २०१७मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये त्याहून लाजिरवाणा प्रकार घडला. पाहुणी म्हणून आलेल्या मेघालयातल्या एका महिलेने खासी समाजाचा 'जैनसेम' हा पोशाख घातला होता. ती मोलकरीण दिसते, असं म्हणत तिला जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगितलं गेलं. नंतर माफी मागण्यात आली. फेब्रुवारी २०२४मध्ये बंगळुरूच्या मेट्रो स्थानकावर कपडे मळके म्हणून एका शेतकऱ्याला अडवलं, आणि त्याच वर्षी जुलैत तिथल्याच एका मॉलने मुलाबरोबर सिनेमाला आलेल्या धोतरातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आत सोडलं नाही. त्या मॉलला सात दिवस टाळं लागलं.

या प्रसंगांमध्ये अडवणारा बहुधा दहा-पंधरा हजार पगाराचा दरवान किंवा वेटर असतो, ज्याचा स्वतःचा बाप गावी धोतरच नेसत असेल. त्याला शिकवणारा मालक समोर येत नाही, आणि कारवाई मात्र दरवानावर होते. बंगळुरूच्या मेट्रोतही नोकरी गेली ती सुरक्षा पर्यवेक्षकाचीच.

आणि क्लबांना नावं ठेवताना आपल्या इमारतीतली लिफ्टही एकदा पाहायला हरकत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी वेगळी लिफ्ट, सोफ्याऐवजी जमिनीवर बसायची सवय, वेगळा कप. हाही ड्रेसकोडच, फक्त त्याची पुस्तिका छापलेली नसते.

बॅग भरताना

ज्यांच्या हाती तिकीट पडलंच आहे त्यांनी घाबरून नवा सूट शिवायला टाकू नये. परदेशी कंपन्यांच्या नियमांत औपचारिक पोशाखाच्या यादीत सहसा 'राष्ट्रीय पोशाख' असतोच. पुरुषांना बंदगळा किंवा शेरवानी चालते. बायकांना साडी. ती पैठणीच हवी असं नाही. छत्तीसगडच्या मंडळींना चांप्याचा कोसा हाताशी आहे, आणि बोटीवरच्या कितीतरी गाऊनपेक्षा तो उठून दिसेल. एजंट तोंडी 'चालेल हो' म्हणतो, त्यावर विसंबू नये. ज्या बोटीवर जायचंय तिचे पोशाखाचे नियम लेखी मागून घ्यावेत, औपचारिक रात्री किती आहेत ते विचारावं आणि त्या रात्री साध्या कपड्यांत कुठे जेवता येईल तेही विचारून ठेवावं.

काही नियम मात्र वाद न घालता पाळावेत. तरणतलावात पोहण्याचाच पोशाख हवा. सलवार किंवा साडी ओली होऊन पायात गुंडाळते, धागे गाळणीत अडकतात. ओल्या डेकवर उंच टाचा घालू नयेत. वाऱ्याच्या दिवशी पदर पिनेने नीट टाचावा. आपत्कालीन कवायत चुकवू नये, कारण खऱ्या आपत्काळात सगळ्यांच्या अंगात एकच नारिंगी जॅकेट असतं, मग केबिन खालच्या मजल्यावरची असो की 'हेवन'मधली.