रबराच्या पिळातून उडालेलं विमान

‘कॉलेजात असताना बाल्साच्या लाकडाचं स्पिटफायर केलं होतं. अगदी नकाशाबरहुकूम, मापात तसूभर फरक नाही. पण सोडलं की नाक खुपसायचं. परवा माळा आवरताना ते सापडलं आणि जुना प्रश्न पुन्हा पडला: चुकलं कुठे?’ असं एका वाचकानं विचारलं आहे.

माप तंतोतंत होतं, हीच बहुधा अडचण. लांबी दहापट कमी केली की पंखांचं क्षेत्रफळ शंभरपट घटतं आणि घनफळ हजारपट. हवा मात्र आहे तेवढीच राहते. छोट्या, सावकाश जाणाऱ्या पंखाला ती काकवीसारखी चिकट भासते आणि मोठ्या विमानाच्या पंखाचा घाट तिथे नीट उचल देत नाही. यावर माक्स मुंक यानं १९२० च्या दशकात अमेरिकेत काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यानं वातबोगद्यातली हवाच २० वातावरणांइतकी दाबली! मग मॉडेलभोवतीही ती खऱ्या विमानाभोवती वाहते तशी वाहू लागली.

नाक खुपसण्यामागे आणखी एक कारण असतं. खऱ्या स्पिटफायरमध्ये वैमानिक बसलेला असतो. झुळकीनं नाक हललं तर तो सावरतो, म्हणून शेपूट लहान असलं तरी भागतं. मॉडेलला स्वतःच सावरावं लागतं. म्हणूनच मुरलेले मॉडेलकार शेपूट मुद्दाम थोडं मोठं करतात आणि पंखांची टोकं जरा जास्त उचलतात.

विमानाला स्वतः सावरायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पुस्तकांत सहसा भेटत नाही. आल्फाँस पेनो, जन्म पॅरिस, १८५०. वडील फ्रेंच नौदलात अ‍ॅडमिरल. कंबरेच्या सांध्याच्या आजारानं मुलाला नौदलाचे दरवाजे बंद झाले आणि तो उड्डाणाकडे वळला. रबराला पीळ देऊन पंखा फिरवायची युक्ती त्यानं १८७० मध्ये खेळण्यातल्या हेलिकॉप्टरसाठी वापरली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तुइलरी बागेत त्यानं जेमतेम १६ ग्रॅमचं ‘प्लॅनोफोर’ सोडलं. ते ११ सेकंद, सुमारे ४० मीटर, कुणाचाही हात न लागता स्थिर उडालं.

शेपटीची फळी त्यानं पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवली होती. नाक खाली गेलं की वेग वाढतो, हवा शेपटीला खाली रेटते आणि नाक वर येतं. नाक फार वर गेलं की याच्या उलट घडतं. मागे शेपूट असलेलं ग्लायडर इंग्लंडमध्ये जॉर्ज केलीनं आधीच केलं होतं. पण हे संतुलन का टिकतं, याची शास्त्रशुद्ध मांडणी पेनोनं केली.

त्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत ऑर्व्हिल राइट जन्मला! १८७८ मध्ये वडिलांनी ऑर्व्हिल आणि विल्बर यांना एक उडतं खेळणं आणून दिलं, तेही पेनोच्या हेलिकॉप्टरच्या धर्तीचं. मुलांनी त्याच्या मोठ्या नकला केल्या, तर त्या नीट उडेनात. माप दुप्पट केलं की शक्ती आठपट लागते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं या भावांनी पुढे १९०८ मध्ये सांगितलं. आपल्या वाचकाला छळणारा मापाचाच हा प्रश्न, फक्त उलट बाजूनं.

१८७६ मध्ये पेनोनं पॉल गोशोबरोबर पूर्ण आकाराच्या विमानाचं पेटंट घेतलं. जमिनीवरून आणि पाण्यावरूनही उडेल, चाकं पोटात घेईल असं विमान! पैसा कुणीच दिला नाही. खचलेल्या पेनोनं १८८० मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, आपलं आयुष्य संपवलं.

राइट बंधूंचं मोठेपण वादातीत आहे. पण १९०३ च्या त्यांच्या विमानाचा चढउताराचा पडदा पुढे होता आणि ते उडवताना वैमानिकाला सतत सावरावं लागे. पुढच्या काळात जगानं बहुतांशी स्वीकारली ती पेनोची रचना: पुढे पंख, मागे शेपूट. शाळेच्या पुस्तकात १९०३ च्या आधी १८७१ ची एक ओळ यायलाच हवी.