माथेरानची गाडी डोंगर चढते कशी?

मी शिरपूरहून बोलतोय, म्हणजे रेल्वे नसलेल्या गावातून. गाडी पकडायची तर आधी नरडाणा गाठायचं. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळालीय, पण तोवर थांबायला आमची आजी तयार नाही. गुडघे गेलेत, तरी डोंगर वरून बघायचाय! म्हणून तिला माथेरानला नेलं.

नेरळला ती इवलीशी गाडी बघून आजीनं अहिराणीत विचारलं, "हाई गाडी डोंगरवर कशी चढस रे?"

प्रश्न भारी आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढाला घसरतं. निलगिरीच्या गाडीला म्हणूनच मधे दातेरी रूळ लागतो. इथे तसलं काही नाही. इथली युक्ती म्हणजे वळणं! सरळ चढायचंच नाही, डोंगराला वळसे घालत वर जायचं. तरी काही ठिकाणी 20 फुटांमागे 1 फूट चढ आहेच. दोन रुळांत अंतर फक्त 2 फूट, म्हणून इतकी आखूड वळणं जमतात. पीरभॉय कुटुंबानं हा मार्ग बांधला, 1907 मध्ये गाडी धावली. सुमारे 21 किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात, त्यामुळे डबा सोबत ठेवा. आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, हे आधी बघा.

आजीनं खिडकी शेवटपर्यंत सोडली नाही. पण पॉइंटपर्यंत गाडी जात नाही, आणि घोड्यावर बसायला ती काही केल्या तयार होईना. स्टेशनबाहेर बाकड्यावर बसली आणि विचारते, "परतीची गाडी कितीला?"