बंपरसमोरचा पाय

लेगफॉर्म म्हणजे पादचाऱ्याच्या पायाऐवजी वापरायचे चाचणी-उपकरण. मांडी, गुडघा, नडगी एवढेच; पाऊल नसते. गाडी उभी राहते आणि हा 'पाय' ताशी 40 किमी वेगाने बंपरवर सोडला जातो. त्याचे तीन प्रकार :

• जुना, युरोपीय : वजन 13.4 किलो. हाडे न वाकणारी. मोजायचे तीनच : गुडघा बाजूला किती वाकला, किती सरकला, नडगीला केवढा झटका बसला.

• फ्लेक्स-पीएलआय : जपानमध्ये विकसित. हाडे खऱ्यासारखी वाकतात, गुडघ्यात लिगामेंटच्या जागी पोलादी तारा. नडगीवरच्या बेंडिंग मोमेंटची (वाकवणाऱ्या जोराची) मर्यादा 340 न्यूटन-मीटर. गुडघ्याचे आतल्या बाजूचे लिगामेंट जास्तीत जास्त 22 मिमी ताणलेले चालते, मधली दोन 13 मिमी.

• एपीएलआय : मांडीच्या वर धडाचा परिणाम दाखवणारे वजन. युरो एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकन कार्यक्रमात 2023 पासून.

बंपरची खालची कड 500 मिमी किंवा अधिक उंचीवर असेल (मोठ्या एसयूव्ही, ट्रकसदृश गाड्या), तर नियमानुसार फक्त मांडीचा लेगफॉर्म.

नियम : संयुक्त राष्ट्रांचा जागतिक तांत्रिक नियम क्र. 9, 2008. भारतात एआयएस-100, प्रकाशक पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय.