वस्तऱ्याचा धातू ओळखताना

तर मंडळी, मागच्या खेपेला आपण ‘हेत्वाभास’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द धोकटीतल्या वस्तऱ्यावर चालवून बघू. जुन्या घरात पणजोबांचा वस्तरा निघतो. पात्यावर ‘सिल्व्हर स्टील’ कोरलेलं असतं. कुणी ती चांदी समजतो, कुणी लोखंड म्हणून मोडीत किलोवर घालतो. दोघांचंही नुकसानच.

पहिला उपाय सगळे सांगतात तो लोहचुंबकाचा. चिकटलं तर साधं पोलाद, नाही तर स्टेनलेस. पण धार धरणारं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं! नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. तो दोन्ही घरी जेवतो, म्हणून कुणाचीच साक्ष देत नाही. त्यापेक्षा गंज खरं बोलतो. साधं कार्बन पोलाद करडे-काळे डाग धरतं, दमट हवेत तांबूस गंजतं. आणि काळाचाही आधार घ्यावा. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डला न गंजणारं पोलाद केलं ते १९१३ साली. वस्तरा त्याआधीचा असेल तर प्रश्नच मिटला.

आता ती ‘चांदी’. ही गोष्ट मुंबईतून सुरू होते. तिथले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५ मध्ये त्यावर पिअर्सन यांचा निबंध वाचला गेला. पुढे त्याच पोलादाचं गूढ उकलताना स्टोडार्ट आणि फॅरेडे पोलादात निरनिराळे धातू मिसळून बघत होते. (फॅरेडे लोहाराचाच मुलगा, हेही लक्षात असू द्या.) चांदी जास्त घातली की ती मण्यांसारखी बाहेर पडे, पाचशे भागांस एक भाग एवढीच नीट सामावली. नाव मात्र बाजारात असं चाललं की चांदी नसली तरी छाप राहिला. मुठीच्या पांढऱ्या खिळ्या बहुधा ‘जर्मन सिल्व्हर’च्या, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. आणि आपल्या आज्या ज्याला ‘जर्मन’ म्हणत, ते तर ॲल्युमिनियम!

धातू ओळखण्याचा हा वाद आपल्याच जिल्ह्यात किती मोठा होतो, ते बघा. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले. उत्खनन करणारे साळी त्यांना उत्तर हडप्पा काळातले मानतात. दि. प्र. अग्रवालांना त्या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळलं. ताम्रपाषाणयुगाच्या इतर वस्तूंत तसं मिश्रण दिसत नाही, म्हणून हे बरंच नंतरचं असावं, असा त्यांचा तर्क. आम्हाला विचाराल तर हा हेतू दुबळा नाही, पण एकटा आहे.

म्हणून विनंती एवढीच, की वस्तरा चकाकवायला सहाणेवर घासू नका, ॲसिड तर लावूच नका. छाप, डाग, खिळ्या हीच साक्ष आहे. कापडानं पुसा, तेलाचा हात फिरवा आणि पुढच्या वेळी इथं घेऊन या. भिंग आम्ही आणू.