जुनी चित्रकथा पिवळी का पडते?

जून १९३८ ही तारीख छापलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक अमेरिकेत दहा सेंटांना मिळत होता. हिरवी मोटार डोक्यावर उचलून धरणारा सुपरमॅन त्याच्या मुखपृष्ठावर होता. सुपरमॅन प्रथम अवतरला तो याच अंकात. २०१४ साली या अंकाची एक प्रत लिलावात ३२ लाख डॉलरांना विकली गेली. त्याच अंकाच्या जीर्ण प्रतींना मात्र याच्या एका लहानशा अंशाइतकीच किंमत येते. गोष्ट तीच, चित्रेही तीच. मग एवढा फरक कशाने पडतो?

त्या प्रतीला दहापैकी नऊ गुण मिळाले होते, आणि तिची आतील पाने पांढरी होती. संग्राहकांच्या दृष्टीने हे नवलच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यांत असंख्य चित्रकथा लगद्यात गेल्या. ज्या उरल्या त्यांपैकी बहुतेकांची पाने पिवळी पडून ठिसूळ झाली. हे का घडते ते पाहू.

लाकडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात. एक सेल्युलोजचे लांब तंतू आणि दुसरे त्यांना एकत्र बांधून ठेवणारे लिग्निन. उत्तम कागद करताना लिग्निन रासायनिक क्रियेने काढून टाकतात. वृत्तपत्राचा कागद मात्र स्वस्त हवा, म्हणून लाकूड नुसते दळून त्याचा लगदा करतात आणि लिग्निन कागदातच राहते. चित्रकथांची आतील पाने याच कागदाची असत. प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे लिग्निनचे ऑक्सिडीकरण होते आणि नवी संयुगे तयार होतात. ही संयुगे पांढऱ्या प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, आणि पान पिवळे दिसते.

ठिसूळपणाचे कारण वेगळे आहे. कागदात हळूहळू आम्ल साठते. थोडे ते कागद बनवतानाच त्यात आलेले असते, थोडे पुढे तयार होते. हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. साखळ्या आखूड झाल्या की पान दुमडताच तुटते.

आता मुखपृष्ठाकडे वळू. ते गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर छापलेले असते. एखादे साधे भिंग घेऊन त्यावर धरा. चेहऱ्याचा रंग म्हणून जो दिसतो, तो वास्तविक पिवळ्या शाईवर विखुरलेल्या किरमिजी ठिपक्यांचा असतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चारच शायांनी सारे चित्र छापलेले असते. ठिपके लहान आणि जवळजवळ असल्यामुळे हातभर अंतरावरून ते एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. आतील पानांवरचे ठिपके मात्र मोठे असतात, कारण तो कागद शाई शोषतो आणि बारीक ठिपके पसरून एकमेकांना भिडतात.

या चार शाया उन्हात सारख्या टिकत नाहीत. केशकर्तनालयाच्या काचेत वर्षानुवर्षे लावलेले एखादे चित्र आठवून पाहा. त्यातील माणसांचे चेहरे निळसर झालेले असतात! पिवळी आणि किरमिजी शाई आधी विटते. निळसर आणि काळी मागे राहते. म्हणूनच भिंतीवर टांगलेले मुखपृष्ठ शोभिवंत दिसले, तरी ते दररोज थोडे थोडे नाहीसे होत असते.

हा प्रश्न केवळ अमेरिकेतल्या लिलावांचा नाही. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले. ली फॉक यांचा वेताळ त्यातून मराठीतही आला. बी. गोविंद या चित्रकाराने त्याची कित्येक मुखपृष्ठे रंगविली. १९९० साली ही मालिका बंद पडली. आज हे अंक कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, तर कुणाच्या रद्दीच्या गठ्ठ्यात आहेत. आपल्याकडील पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की अंकाच्या लोखंडी पिना गंजतात, तांबूस डाग पानांत उतरतात आणि बुरशी धरते. उन्हाळ्यात तोच माळा तापतो. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा, की तपमान १० अंश सेल्सिअसने वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेव्हा पत्र्याखालचा माळा ही चित्रकथा ठेवण्याची सर्वांत वाईट जागा होय.

मग काय करावे? अंक थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावेत. खाली ओल नसावी आणि कसर लागलेली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. अंकामागे आम्लरहित पुठ्ठा घालावा. संग्राहक अशा पुठ्ठ्यात कॅल्शियम कार्बोनेट असलेला पसंत करतात, कारण ते आम्लाचे उदासिनीकरण करते. वर पॉलिएस्टरचे पारदर्शक वेष्टन चालते. मऊ, उग्र वासाचे प्लॅस्टिक मात्र टाळावे. आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक कागदात झिरपतो, पिवळा पडतो आणि पुढे निघता निघत नाही.

हे पडताळून पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. वर्तमानपत्राचा एक कोरा तुकडा आणि चांगल्या वहीचे एक कोरे पान घ्या. दोघांचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि आठ दिवस उन्हात ठेवा. पुठ्ठा उचलल्यावर वर्तमानपत्रावर उजेड-सावलीची रेघ स्पष्ट दिसेल. वहीच्या पानावर ती फारच पुसट असेल किंवा दिसणारही नाही. दोन कागदांतला फरक मुख्यतः लिग्निनचा आहे, हे आता तुम्ही सांगू शकाल.

एकदा तुटलेली सेल्युलोजची साखळी घरच्या उपायांनी पुन्हा जोडता येत नाही. झालेली हानी भरून निघत नाही. तिचा वेग कमी करणे मात्र आपल्या हाती आहे. तेव्हा या सुट्टीत आजोळी गेलात, तर आधी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवा.