निरोप आणि पावती

मंगळवेढ्याचे नाव निघाले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक इथली ज्वारी आणि दुसरे दामाजीपंत. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बादशहाने त्यांना पकडून आणावयास शिपाई धाडले, आणि पंढरीच्या विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची सारी रक्कम दरबारी भरली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. परंतु तीतली एक बारीकशी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. विठू नुसता निरोप सांगून आणि पैसे ओतून परतला नाही. त्याने पैसे पोचल्याची पावती मागून घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत आणून ठेवली, असे कथेकरी सांगतात. म्हणजे सरकारदरबारी प्रत्यक्ष परमेश्वरालाही तोंडी व्यवहार पुरला नाही!

ही कथा आज आठवण्याचे कारण असे की, व्हॉट्सअॅप-फेसबुकासारखी समाजमाध्यमे आता ई-मेलला हद्दपार करणार काय, हा प्रश्न हल्ली वरचेवर कानी येतो. मी तालुक्याच्या गावी उभा जन्म काढलेला एक निवृत्त शाळामास्तर. मला विचाराल, तर हा एक प्रश्न नव्हेच. हे दोन प्रश्न आहेत. एक निरोपाचा, दुसरा पावतीचा.

आधी निरोपाचे पाहू.

ई-मेल काही कालची नव्हे. अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिले असे टपाल धाडले आणि नाव व पत्ता यांच्यामध्ये ते वाटोळे चिन्ह बसविले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढल्याच वर्षी सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढून फुकट टपालपेटी साऱ्या जगाला देऊ केली. परंतु त्या काळी आमच्या गावात निरोप जात होता तो पोस्टाच्या कार्डावरून, नाहीतर एस.टी.च्या कंडक्टरच्या हातून. ज्यांची मुले परदेशी होती अशा मोजक्या घरांनाच ई-मेलचा उपयोग. बाकीच्यांना तिची गरज भासण्यापूर्वी हाती मोबाईल आला.

मग काळ कसा धावला पाहा. २००९ साली व्हॉट्सअॅप निघाले. २०१३ च्या जुलै महिन्यात सरकारने तारसेवा कायमची बंद केली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि धोतरवाल्या म्हाताऱ्यांच्या खिशातही व्हॉट्सअॅप जाऊन बसले. आज आमच्याकडे लग्नाचे आमंत्रण त्यावर, मयतीची बातमी त्यावर, उजनीतून भीमेला पाणी सोडल्याची वार्ता त्यावर. शिवाय ज्याला लिहिता येत नाही तोही बोलून निरोप धाडतो! पाटी-पेन्सिलीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशा आमच्या शेजारच्या काकू पुण्याच्या लेकीला रोज संध्याकाळी असा बोलका निरोप पाठवितात. हे सुख ना कार्डाने दिले, ना तारेने, ना ई-मेलने. तेव्हा रोजच्या निरोपापुरते म्हणाल, तर आमच्या गावात व्हॉट्सअॅपने ई-मेलची जागा घेतली असे म्हणताच येत नाही. ई-मेल त्या जागेवर बसलीच नव्हती.

आणि तरीही गंमत अशी की, गावात ई-मेलचा पत्ता नाही असे घर शोधून काढावे लागेल. नवा मोबाईल चालू करताना बहुतेक वेळा तो पत्ता द्यावा लागतो. मग दुकानदारच एक पत्ता काढून देतो आणि परवलीचा शब्दही आपल्या मनाने ठेवतो. गिऱ्हाईक घरी येते ते आपल्या नावाची टपालपेटी दुकानदाराच्या किल्लीत ठेवून!

या किल्लीपायी माझ्या पुतण्याच्या मुलीचे काय झाले ते सांगतो. पोरगी पदवीधर, हुशार. एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातून तिने पुण्याच्या एका नोकरीसाठी अर्ज केला. दुकानातल्या मुलाने घाईत पत्त्याच्या रकान्यात दुकानाचाच ई-मेल घातला. मुलाखतीचे बोलावणे तिथे येऊन नऊ दिवस पडून राहिले. कळले तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. मी तिला म्हटले, “अगं, मधून मधून जाऊन बघायचं नाही का?” ती डोळे पुसत म्हणाली, “आबा, मेल कोण बघतंय हो? मला वाटलं, व्हॉट्सअॅपवर कळवतील.” तिची समजूत तिच्या जगाला धरूनच होती. पण नोकरी देणारे जग अजून दुसऱ्या दारातून बोलावीत होते.

आता पावतीकडे वळू.

याच मुलीच्या बापाने गेल्या हंगामात चाळीस क्विंटल ज्वारीचा सौदा एका व्यापाऱ्याशी व्हॉट्सअॅपवर केला. रात्री भाव लिहून आला. सकाळी माल भरून टेम्पो निघाला. दुपारी बाजार उतरला आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे तीनशे रुपये कमी सांगितले. पुतण्याने लेखी भाव दाखवावा म्हणून मोबाईल काढला, तो निरोप पुसल्याची एक ओळ तेवढी उरलेली! पाठविलेला निरोप दोन्हीकडून पुसण्याची सोय व्हॉट्सअॅपने २०१७ साली दिली, तेव्हा तिला सातच मिनिटांची मुदत होती. २०२२ साली ती दोन दिवसांहून अधिक झाली. एवढ्यात चाळीस क्विंटल ज्वारी विकली जाते आणि बारा हजार रुपये बुडतातही. ई-मेलचे तसे नाही. जीमेलमध्ये सुटलेले टपाल फार तर तीस सेकंदांत अडविता येते. एकदा ते दुसऱ्याच्या पेटीत पडले की धाडणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही.

न्यायालयांनीही हा भेद हळूहळू पारखला आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपवर धाडलेली नोटीस पोचली असे मानले. कारण ती उघडल्याच्या खुणा मोबाईलवर दिसत होत्या. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा नोटिशीला मुभा दिली. पण तीच नोटीस त्याच दिवशी ई-मेलनेही धाडावी असे बजावले. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर वा तत्सम इलेक्ट्रॉनिक मार्गाने न देता कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच द्यावी. जिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तिथे अजून कागदच लागतो.

दोहोंत आणखी एक फरक आहे. ई-मेल ही पोस्टखात्यासारखी आहे. पेटी कोणत्याही कंपनीची असो, एकीचे टपाल दुसरीकडे जातेच. व्हॉट्सअॅप ही एकाच धन्याची वाट. २०१४ साली फेसबुकने ती विकत घेतली, आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या कंपनीचा कारभार सुमारे सहा तास बंद पडला, तेव्हा जगभरचे निरोप जागच्या जागी थिजले. ई-मेल मात्र त्या रात्रीही चालूच होती.

तेव्हा वाचकहो, माझे मत विचाराल तर समाजमाध्यमांनी निरोपाचे राज्य जिंकलेले आहे आणि ते खुशाल त्यांच्याकडे राहू द्यावे. काकूंचा बोलका निरोप लेकीपर्यंत पोचतो, याहून थोर काम टपालाने तरी कोणते केले? पण पावतीचे राज्य अजून ई-मेलचे आणि कागदाचे आहे. नोकरीचे बोलावणे, परीक्षेचे प्रवेशपत्र, विम्याचा दाखला, मालाचा ठरलेला भाव, या गोष्टी पुसल्या न जाणाऱ्या जागी असाव्या लागतात. भाव व्हॉट्सअॅपवर ठरला तर ठरो, पण टेम्पो हलण्यापूर्वी तो ई-मेलवर किंवा सहीच्या चिठ्ठीवर मागून घ्यावा. त्यात व्यापाऱ्याचा अपमान नाही. सचोटीचा व्यापारी आनंदाने देईल.

या दिवाळीत घराची साफसफाई करताना आणखी एक काम करा. घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचा ई-मेल पत्ता कोणता, हे शोधून काढा. त्याचा परवलीचा शब्द बदलून नवा ठेवा, वहीत लिहून ती वही कपाटात सोन्यानाण्याशेजारी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, पेटी उघडून पाहण्याची सवय लावा. माझ्या पुतण्याच्या मुलीने ही सवय लावून घेतली आहे, आणि नव्या अर्जावर आता तिचा स्वतःचा पत्ता आहे.