हातपंपाचं कपलिंग आणि आतल्या आट्यांचं गणित

माझं संशोधन भूजलावर, पण आजचा लेख लेथ मशीनवर. संबंध आहे, आणि तो सरळ आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकावर वसलेला. पाणी त्या खडकाच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये साठतं. ते कुठे आणि किती खोल आहे हे आम्ही नकाशावर दाखवतो. पण गावातल्या हातपंपातून ते वर येतं, ते लोखंडातल्या काही आट्यांच्या भरवशावर. ते आटे सुटले, तर नकाशाचा उपयोग शून्य.

आपल्याकडच्या गावांत दिसणारा नेहमीचा पंप म्हणजे इंडिया मार्क-२. त्याचं मूळ महाराष्ट्रातलं. सोलापूरला तयार झालेल्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारच्या प्रयत्नांतून तो घडला, आणि पुढे आयएस ९३०१ हे भारतीय मानक आलं. या पंपात १२ मिमी जाडीच्या, ३ मीटर लांबीच्या सळया एकाखाली एक जोडत जातात. दोन सळयांमध्ये षटकोनी कपलिंग असतं, आणि त्याच्या आत एम-१२ चे आटे. सळयांभोवतीचे पाइप मात्र सॉकेटने जोडतात आणि त्यांचे आटे बीएसपी, म्हणजे इंची. एकाच पंपात दोन पद्धती! आतल्या आट्यांचं माप शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आधी कपलिंग बघू. 'एम-१२, पिच १.७५' यातला १२ हा आकडा बाहेरच्या आट्यांसाठी सोपा आहे: १२ ची सळई घ्या आणि आटे पाडा. आतल्या आट्यांत हाच १२ सगळ्यात शेवटी येतो, आट्याच्या तळाशी. सुरुवात होते भोकापासून. मग भोक कितीचं पाडायचं?

मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. पूर्ण टोकदार त्रिकोणाची उंची पिचच्या ०.८६६ पट असते. पण टोकं आणि तळ सपाट ठेवायचे असतात, म्हणून आतल्या आट्यासाठी त्यातला ५/८ भागच वापरतात. एका बाजूची खोली झाली ०.५४१ × १.७५ = ०.९४७ मिमी. दोन्ही बाजू मिळून १.८९४. आता १२ मधून १.८९४ वजा केले की १०.१०६ मिमी. हा झाला आतल्या आट्याचा लहान व्यास.

एवढा बारीक हिशोब कशाला, १२ मधून पिच वजा करा, असं कुठलाही टर्नर सांगेल. १२ − १.७५ = १०.२५. तो बरोबरच सांगतो. नेहमीच्या ६एच दर्जाला हा व्यास १०.१०६ ते १०.४४१ पर्यंत चालतो. म्हणून बाजारात एम-१२ साठी १०.२ चं ड्रिल मिळतं. एवढ्या लहान भोकात बोअरिंग बार घालणं अवघड, म्हणून इथे टॅपच मारतात.

आता एक समज तपासू: 'भोक जितकं घट्ट, तितका आटा मजबूत.' पाणी ३० मीटर खोल धरा. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौ. सेंमी. ३० मीटर पाण्याचा दाब जवळपास ३ किलो प्रति चौ. सेंमी. पिस्टन वर येताना सळईवरची ओढ सुमारे ९५ किलो. सळयांचं स्वतःचं वजन २६-२७ किलो. सगळ्यात वरच्या कपलिंगवर भार १२० किलोच्या आसपास. एम-१२ चा साधा पोलादी जोड याच्या कित्येक पट भार पेलतो. शिवाय कपलिंग ५० मिमी लांब, म्हणजे प्रत्येक सळईला २५ मिमी, जवळपास १४ आटे. त्यामुळे भोक १०.४ चं झालं म्हणून जोड तुटत नाही. उलट १० चं ठेवलं तर टॅप अडकतो, मोडतो, आट्यांची टोकं फाटतात.

खरा धोका ढिलेपणाचा. हाच भार दर हेलकाव्याला चढतो-उतरतो. भार पेलतात ते आट्यांचे उतार, टोकं नाहीत. म्हणून भोकाएवढंच महत्त्वाचं माप म्हणजे पिच व्यास: एम-१२ साठी १०.८६३ ते ११.०६३. फक्त ०.२ मिमीची सूट. आटा जास्त खोदला गेला तर सळई आत डुलते, हळूहळू झिजते, एक दिवस सुटते. मग दांडा हलत राहतो आणि पाणी येत नाही. मार्क-२ मध्ये सिलिंडरपर्यंत पोचायला सळयांसोबत सगळे पाइप वर काढावे लागतात. तोवर अख्खं गाव दुसऱ्या विहिरीवर.

आता सॉकेट. हे खरं लेथचं काम. पाइप '१¼ इंची', म्हणजे ३१.७५ मिमी? नाही! तो आकडा पाइपच्या आतल्या पोकळीचं ढोबळ नाव आहे. आट्याचा मोठा व्यास ४१.९१ मिमी. इंचाला ११ आटे, म्हणून पिच २५.४ ÷ ११ = २.३०९. इथे कोन ५५ अंश आणि टोकं गोल, म्हणून खोली ०.६४ × पिच = १.४७९. सॉकेटचे आटे समांतर धरले तर बोअर करायचा ४१.९१ − २ × १.४७९ = ३८.९५ मिमी. ६० अंशाचं टूल इथे लावलं तर उतार नीट टेकणारच नाहीत.

टूल आत घालण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, क्रॉस-स्लाइडचं डायल त्रिज्या दाखवतं की व्यास? १.४७९ ही त्रिज्येवरची खोली आहे. व्यासाच्या डायलवर ती २.९५८ दिसेल. दोन, लीड स्क्रू इंची की मेट्रिक? इंचाला ४ आटे असलेल्या जुन्या लेथवर सॉकेटसाठी गिअरचं प्रमाण ४/११, म्हणजे ४०/११० चालेल. त्याच लेथवर १.७५ पिच काढायचा तर ३५/१२७ लागतं. हा १२७ आला कुठून? २५.४ ला ५ ने गुणा. इंच आणि मिलिमीटर यांची गाठ त्या १२७ दातांच्या चाकात बांधलेली आहे.

बोअरिंग बार थोडा वाकतो, म्हणून शेवटी माप न वाढवता टूल एक-दोनदा परत फिरवा. नंतर गेज लावा: 'गो' बाजू पूर्ण आत जायला हवी, 'नो-गो' अडायला हवी. पंपाची जुनी सळई घालून 'बसली की' म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे, कारण ती सळई आधीच झिजलेली असते.

हे सगळे आकडे म्हणजे एक करार आहे. कपलिंग वर्ध्यात बनेल, सळई दुसऱ्या राज्यातून येईल, आणि दोन्ही जोडणारा मेकॅनिक आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावात पाना घेऊन उभा असेल. त्याच्याकडे ना लेथ ना गेज. त्याच्या हातात तो जोड सहज फिरावा आणि मग वर्षानुवर्षं सुटू नये, यासाठी ती ०.२ मिमीची शिस्त लेथवरच पाळावी लागते.